शब्दवेध : गाभारा

वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुष उघड्या अंगाने जातात. या ज्योतिर्लिंगाच्या कथेतली सुदेहा मूल नाही म्हणून झुरत होती. 'गाभारा' हा शब्द संस्कृत 'गर्भागार'वरून आला. 'गर्भ'चे प्राकृतात 'गब्भ' झाले. केळीचा गाभा आणि गाभण गाय त्याच कुळातली. सुदेहेसारखे मुलासाठी झुरणाऱ्यांना आज टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार आहे; त्यात बीज शरीराबाहेर फळते. तिसऱ्या दिवशी साधारण ८ पेशी, पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला गोळा. पण पुढे रुजायला गर्भाशयच लागते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांतून असे बाळ ६ ऑगस्ट १९८६ला जन्मले. मूल होत नसेल तर एकट्या बाईला बोल लावू नका. दोघांनीही तपासून घ्या.