औषधातली चोरी पकडतं कोण?

नेरूळहून बोलतोय. लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा.

२०२१ आठवतंय? लस मिळावी म्हणून सगळे धडपडत होतो. तेव्हा आपल्या शिरवण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या सुमारे साडेतीनशे कर्मचाऱ्यांना शिबिरात बनावट लस टोचल्याची तक्रार झाली. तुर्भे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. मला प्रश्न पडला, असलं पकडतं कोण? उत्तर शोधत मी पोचलो थेट १९८६ मध्ये, खाडीपलीकडच्या जे. जे. रुग्णालयात.

तिथे मेंदूतला दाब कमी करायला पेशंटना ग्लिसरॉल देत. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत ते घेतलेले १४ जण दगावले. किडन्याच निकामी झाल्या. ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, कारखान्यात वापरायचं विषारी रसायन. हे विष काही नवं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत त्यानेच शंभरावर बळी घेतले होते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. मला वाटलं, एखादा खलनायक सापडेल. पण ठपका पुरवठादारापाशी थांबला नाही. रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन, अगदी मंत्र्यांपर्यंत गेला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी अडवू शकलं असतं. अडवलं नाही.

हे अडवणं हीच औषध निरीक्षकाची नोकरी. १९४० च्या कायद्यानुसार तो दुकानात नमुना घेतो, त्याची किंमत देऊ करतो, मालकासमोर त्याचे भाग करून सील लावतो. एक भाग मालकाकडे, एक सरकारी विश्लेषकाकडे, एक कोर्टासाठी. का? तर उद्या कुणी म्हणू नये, ‘ही बाटली माझी नाहीच!’ सिनेमातल्यासारखा पाठलाग नाही. बॅच नंबर, पावती, सही, सील. कंटाळवाणं वाटतं ना? पण यातलं एक जरी चुकलं, तरी आरोपी सुटू शकतो. आणि न बघता केलेली एक सही माणसं मारू शकते.

बी.फार्म करणाऱ्यांनो, ही पदं एमपीएससीतून भरतात. लक्षात ठेवा.

मी काय शिकलो? आईच्या बीपीच्या गोळ्यांचं बिल पूर्वी फेकून द्यायचो. आता बॅच नंबर जुळवून बघतो आणि डब्यातच ठेवतो. तपास सुरू होतो तो त्याच कागदापासून.