मुलांना इतिहास कोठून शिकवायचा?

आमच्या घरात शिकणारी तीन मुले आहेत. मुलगी तिसरीत, मुलगा सातवीत आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेली थोरल्या भावाची मुलगी दहावीत. शाळेत ती इतिहास शिकतातच. परंतु आपल्या माणसांचा इतिहास तेथे चार ओळींत आटोपतो. म्हणून दर रविवारी घरीच इतिहासाचा तास घ्यावयाचे ठरविले आणि प्रश्न उभा राहिला तो अभ्यासक्रमाचा. तीन वयांना एकच अभ्यासक्रम कसा पुरणार? आणि तीन वेगळे चालवायचे तर नोकरदार माणसाने वेळ कोठून आणायचा?

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नव्हे. ज्या घरात पदवीधरांची पहिलीच पिढी आहे, त्या घरात ग्रंथांचा वारसा नसतो. आपला इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत साठलेला असतो आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. आपण मांडणी केली नाही, तर आपल्या मुलांपुढे दुसऱ्यांनी केलेली मांडणीच उरते.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली कालक्रमाची. अश्मयुगापासून निघावे आणि राजवटींमागून राजवटी ओलांडीत यावे. या वाटेने तीन मुले तीन वेगळ्या शतकांत बसतात, आणि राबणारा माणूस दिसेपर्यंत वर्ष संपते. दुसरी वाट चरित्रांची. ती सोपी आहे, मुलांना आवडतेही. पण जयंतीच्या भाषणांतून आपण हेच करीत आलो आहोत. एकच महापुरुष चालतो आणि बाकीचा समाज टाळ्या वाजवितो, असे चित्र मुलांच्या मनात ठसते. महाडला हजारो माणसे चालली, हे त्यातून निसटते.

मी तिसरी वाट धरली. विषय एकच घ्यावा आणि प्रत्येकाने आपापल्या वयाप्रमाणे तो खणावा. विषय घेतला पाण्याचा.

धाकटीला मी एवढेच सांगतो की, तळे सर्वांचे होते, जनावरेही तेथे पाणी पीत आणि काही माणसांना मात्र मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग ती माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. मधल्याकडे तारखांचे काम. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनेच तो ठराव फिरविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल लागला. या तारखा तो पाठ करीत नाही, एका पट्टीवर मांडतो आणि विचारतो, "ठराव १९२३ चा, मग १९२७ ला चालत का जावे लागले?" कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर त्याला येथे कळते.

थोरलीच्या वाट्याला पुराव्याचे काम. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आणि खैरमोड्यांचे चरित्र तिच्यासमोर असते. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी आहे, असा प्रतिपक्षाचा दावा होता. ती तशी सिद्ध झाली नाही म्हणून न्यायालयाने तो अमान्य केला. मग न्याय मिळाला तो माणुसकीच्या तत्त्वावर की पुराव्याच्या अभावावर? या प्रश्नावर तिला स्वतः लिहावयाचे असते.

याच धाग्याने मागे गेले की १८६८ साली अस्पृश्यांसाठी आपल्या घरचा हौद खुला करणारे जोतीराव भेटतात. पुढे आले की राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद भेटतो. त्यात विहिरी आणि तळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा रीतीने कालक्रमही हाती येतो, मात्र तो आपल्या प्रश्नाभोवती गुंफलेला.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, "लहान मुलांना अपमान सांगू नका, मन खचेल." त्यांची काळजी मी समजू शकतो. पाणी पिऊन परतलेल्या माणसांवर झालेला हल्ला आणि त्यानंतरचे तळ्याचे 'शुद्धीकरण' मी आठ वर्षांच्या मुलीला सांगत नाही. ते मधल्याला सांगतो. पण अपमान दडवून ठेवणे शक्य नसते. कोणीतरी आडनाव विचारते आणि मुलाला तो कळतोच. तो आधी घरात, लढ्यासकट कळला, तर मूल मान खाली घालीत नाही. त्याचबरोबर सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही सवर्ण माणसे या लढ्यात आपल्या बाजूने उभी होती, हेही सांगितले पाहिजे. सत्य निवडून सांगण्याचा दोष आपण इतरांना देतो. तो आपल्या घरात शिरता कामा नये.

हा अभ्यासक्रम कोणत्याही वस्तीत, एका खोलीतही चालेल. त्याला लागतात एक वही, वाचनालयातली दोन पुस्तके आणि पाणवठ्याची आठवण असलेले एक म्हातारे माणूस. त्या माणसाला आजच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मुलांच्या हातूनच लिहून घ्यावीत.