जुन्या लोखंडी ड्रमचा तंदूर-स्मोकर कसा बनवतात? कापण्याआधी या गोष्टी तपासा

तीस सेकंदांची रील असते. भंगारातून आणलेला लोखंडी ड्रम, ग्राइंडरच्या ठिणग्या, खाली चार भोकं, वर दोन सळया आणि शेवटी धुरात लटकलेली अख्खी कोंबडी. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, "भाऊ, खर्च किती आला?"

पण त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. या ड्रममध्ये आधी काय भरलेलं होतं? रीलमध्ये त्याचं उत्तर सहसा नसतं आणि जीवावर बेतणारी चूक तिथेच होते.

तंदूर आणि स्मोकर यात फरक काय?

तंदूर म्हणजे मातीची जाड भिंत असलेली उभी भट्टी. आत कोळसा किंवा लाकूड पेटवलं की भिंत तापते आणि ती उष्णता धरून ठेवते. आतलं तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. म्हणून रोटी एक-दोन मिनिटांत फुगते आणि सळईवरचं चिकन झटपट भाजलं जातं.

स्मोकरचं काम याच्या उलट, निवांत चालतं. तापमान साधारण ११० ते १५० अंश, झाकण बंद आणि मांस तासन् तास धुरात शिजत राहतं.

ड्रमचा तंदूर-स्मोकर या दोघांच्या मधला. तळाशी कोळसा आणि त्यावर उभं लटकवलेलं मांस, ही रचना तंदूरची. मंद आच आणि कोंडलेला धूर स्मोकरचा. चरबी आणि मसाल्याचे थेंब निखाऱ्यांवर पडतात, त्यांचा धूर होतो आणि तोच वास मांसाला लागतो.

बंद भांड्यात, पाणी न घालता शिजवण्याची चव महाराष्ट्राला नवी नाही. रायगडमध्ये थंडीत लावली जाणारी पोपटी हा त्याचाच प्रकार. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि चिकन मडक्यात भरून बाहेरून जाळ करतात.

यात रोटी लागेल का?

नुसत्या ड्रममध्ये नाही. पत्रा पातळ असतो, पटकन तापतो आणि पटकन निवतो. रोटी चिकटायला आणि सगळीकडून सारखी भाजायला मातीची भिंतच लागते. अनेक ढाब्यांवर बाहेरून ड्रम दिसतो, पण त्याच्या आत मातीची भट्टी बसवलेली असते आणि मधल्या जागेत उष्णता अडवणारा भराव असतो.

कोणता ड्रम घ्यायचा?

बाजारात सहज मिळतो तो २०० लिटरचा ड्रम. उंची साधारण ८८ सेंटिमीटर आणि व्यास ५७-५८ सेंटिमीटर. पूर्ण झाकण निघणारा आणि ते पट्ट्याने आवळता येणारा ड्रम सोयीचा पडतो. निवडताना तीन गोष्टी बघायच्या.

१. आधीचा माल. पेट्रोल, थिनर, रंग, कीटकनाशक किंवा कोणतंही रसायन भरलेला ड्रम घ्यायचा नाही. ज्वलनशील द्रवाचा रिकामा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षाही धोकादायक ठरू शकतो, कारण आत वाफ आणि हवेचं मिश्रण साचलेलं असतं. ग्राइंडरची एक ठिणगी आत गेली की स्फोट होतो. ड्रम धुतलाय, वास येत नाही, एवढ्यावर विसंबून चालत नाही. आत काय होतं हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर तो ड्रम तिथेच सोडलेला बरा.

२. जस्ताचा मुलामा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा चंदेरी-करडा, चमकत्या चट्ट्यांचा असतो. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं आणि निखाऱ्यांचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप, थंडी आणि अंगदुखी होते. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो.

३. आतलं अस्तर. खाद्यतेल किंवा फळांच्या रसाच्या ड्रमला आतून बऱ्याचदा प्लास्टिकसारखा थर असतो. तो तापला की घातक धूर सोडतो. त्यामुळे अस्तर आणि रंग नसलेला, साध्या लोखंडाचा कोरा ड्रम सगळ्यात चांगला. तो थोडा महाग पडतो, पण पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

ड्रमचा स्मोकर कसा होतो?

तळापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर, दोन सेंटिमीटर व्यासाची तीन-चार भोकं पाडतात. प्रत्येक भोकावर सरकती पत्र्याची पट्टी लावतात, म्हणजे आत येणारी हवा कमी-जास्त करता येते. झाकणावर धूर बाहेर जाण्यासाठी भोकं आणि लाकडी मूठ बसवतात.

आत पायावर उभी राहणारी जाळीची टोपली ठेवतात, त्यात कोळसा. टोपली तळापासून उचललेली असली की राख खाली पडते आणि हवा अडत नाही. कोळशाच्या वर सुमारे ६० सेंटिमीटरवर जाळी टेकवायला बोल्ट लावतात. मांस लटकवायचं असेल तर वरच्या कडेजवळ दोन आडव्या सळया टाकतात. जाळी, सळया, नट-बोल्ट सगळं स्टेनलेस स्टीलचं किंवा साध्या लोखंडाचं. जाळीच्या उंचीवर तापमापक बसवला की अंदाजपंचे काम राहत नाही.

पहिल्या स्वयंपाकाआधी रिकामा ड्रम मोकळ्या जागेत दोन-तीन तास चांगला तापवतात. निवल्यावर घासून, धुऊन, कोरडा करून आतून तेलाचा पातळ हात देतात आणि पुन्हा तापवतात. बिडाचा नवा तवा तयार करतात तसंच.

आच कशी सांभाळायची?

कोळसा लाकडी घ्यायचा, दगडी कोळसा अन्नासाठी नाही. टोपलीत न पेटवलेला कोळसा भरून वर मूठभर पेटलेले निखारे ठेवतात. आग हळूहळू खाली सरकते. ड्रमला कुठे फट नसेल, तर तीन-चार किलो कोळसा पाच-सहा तास पुरतो.

धुरासाठी आंबा, पेरू किंवा बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचे दोन-तीन तुकडे पुरेत. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड आणि विषारी असलेली कण्हेर चालत नाही. धूर पातळ आणि निळसर असला तर आग नीट चालली आहे. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड अर्धवट जळतंय, अशा धुराने मांस कडवट होतं.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं. झाकण उघडलं की हवा आत घुसते, निखारे भडकतात, चरबी पेट घेते आणि बाहेरून काळं, आतून कच्चं असं चिकन हातात येतं. तापमान वाढलं तर खालच्या पट्ट्या थोड्या सरकवायच्या आणि दहा-पंधरा मिनिटं वाट बघायची.

सव्वा किलोची कोंबडी १४० अंशांच्या आसपास दीड ते दोन तास घेते. रंगावर जाऊ नये, धुराने आतलं मांस शिजल्यावरही गुलाबी दिसू शकतं. सगळ्यात जाड भागात तापमापक खुपसून आकडा ७४ अंश आला की चिकन शिजलं.

गच्चीवर चालेल का?

भिंतींपासून लांब, उघड्या आकाशाखालीच. बंद बाल्कनी, गॅरेज किंवा शेडमध्ये अजिबात नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, झोप येते आणि माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पाऊस आला म्हणून पेटता ड्रम घरात ओढणं जीवघेणं ठरू शकतं. स्वयंपाक झाल्यावर वरची-खालची सगळी भोकं बंद करून निखारे विझू द्यायचे. ते कित्येक तास धुमसत राहतात, म्हणून तोपर्यंत ड्रम हलवायचा नाही.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यानंतर कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांनाही महापालिकेच्या नोटिसा गेल्या. दाट वस्तीत धूर हा सगळ्यांचा प्रश्न असतो. त्यामुळे सोसायटीच्या गच्चीपेक्षा शेत, फार्महाऊस किंवा मोकळं अंगण बरं.

थोडक्यात

ड्रम कापायला अर्धा दिवस लागतो. त्याआधी, आत काय होतं ते विचारायला दोन मिनिटं लागतात. उत्तर खात्रीचं असेल तरच ग्राइंडर सुरू करायचा. पुढे चव ठरते ती खालच्या चार भोकांवर आणि झाकण न उघडता वाट बघण्याच्या तयारीवर.