हाताची स्मृती आणि बदलते यंत्र : अंध वाचकाच्या वाचनसाधनाविषयी काही ऐतिहासिक टिपणे

वाचनव्यवहाराच्या इतिहासात लिपी, हस्तलिखित आणि मुद्रण यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. मोडी मागे पडून बाळबोध सर्वत्र रूढ झाली, तेव्हा ज्यांचे सारे आयुष्य मोडीत दस्तऐवज लिहिण्यात गेले होते ते काही निरक्षर झाले नाहीत. परंतु त्यांच्या साक्षरतेचे मोल उतरले. हातात मुरलेली विद्या एकाएकी निरुपयोगी ठरली. डोळस समाजात असा प्रसंग शतकातून एखाद्या वेळी येतो. संगणकावर ध्वनीच्या साह्याने वाचणाऱ्या अंध वाचकाच्या वाट्याला मात्र तो गेल्या चार दशकांत दर काही वर्षांनी येत राहिला आहे, आणि तो लिपिसुधारणेच्या नावाने न येता ‘अपग्रेड’ या साध्या शब्दाने येतो. डोळस वापरकर्त्याच्या दृष्टीने ज्यात खोलीतील सामान हलवण्यापलीकडे काही घडत नाही, त्यात अंध वाचकाची लिपीच बदलते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना या तांत्रिक वाटणाऱ्या इतिहासाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे उद्भवेल. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात मराठी संहितेच्या निमित्ताने मिळावे, अशी अपेक्षा आहे.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. तिच्या नावातील ‘पडदा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकातील डॉस प्रणालीत पडदा म्हणजे ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळींचा एक तक्ता असे. दोन हजार घरे, प्रत्येक घरात एक अक्षर. यंत्राच्या स्मृतीत ही अक्षरे जशीच्या तशी क्रमाने ठेवलेली असत. स्क्रीन रीडरने ती उचलावी आणि उच्चारावी, इतकेच काम. अंध आणि डोळस या दोघांनाही तेव्हा आज्ञा टंकित करूनच काम करावे लागे, त्यामुळे दोघांत अंतर फारसे नव्हते. त्या काळातील अंध संगणकतज्ज्ञ डॉसविषयी आजही जिव्हाळ्याने बोलतात, त्याचे कारण केवळ गतकाळाची ओढ हे नव्हे. १९७८ साली अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकेतील मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांनी पुढे संगणकाचे शिक्षण घेतले आणि ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर घडवला. १९८९ साली तो प्रथम आला, तो या डॉससाठीच.

त्यानंतर चित्रमय पडदा आला. खिडक्या, चित्रखुणा आणि माऊसचा बाण यांनी बनलेल्या या पडद्यावर अक्षर हे अक्षर उरले नाही. ते ठिपक्यांचे चित्र झाले. अंधांच्या पुनर्वसनक्षेत्रातील एका नियतकालिकात १९९० साली बॉइड, बॉइड आणि व्हँडरहायडेन यांचा लेख प्रसिद्ध झाला. चित्रमय पडद्याच्या संदर्भात संकट, धोका आणि संधी हे तीन शब्द त्याच्या शीर्षकातच आले होते. मॅकिंटॉशसाठी ‘आउटस्पोकन’ हा स्क्रीन रीडर १९८९ सालीच निघाला होता, म्हणजे मार्ग निघू शकतो हे दिसले होते. विंडोजसाठी जो उपाय योजला गेला तो संहिताशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित वाटावा. एखादा कार्यक्रम पडद्यावर अक्षरे रेखाटण्याची आज्ञा देई, तेव्हा स्क्रीन रीडर ती आज्ञा वाटेतच अडवून वाची आणि पडद्याची एक अदृश्य प्रत स्वतःपाशी तयार करी. वापरकर्त्याला ऐकू येई ती ही प्रत. मूळ नाहीसे झालेले असताना उपलब्ध साक्षीपुराव्यावरून पाठ सिद्ध करावा, त्याच जातीचे हे काम होते. फरक इतकाच की ते सेकंदाच्या अंशात आणि अविरत करावे लागे. ही प्रत अनुमानावर उभी होती. रेखाटण्याची पद्धत बदलली की अनुमान चुके. म्हणूनच प्रत्येक नव्या विंडोजबरोबर जुना स्क्रीन रीडर अडखळू लागे किंवा मुका होई.

विंडोज ९५ ही प्रणाली ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आली, तेव्हा या प्रश्नाला राजकीय स्वरूप प्राप्त झाले. अंध कर्मचाऱ्यांना वापरता येत नसेल तर शासनाने ही प्रणाली खरेदी करू नये, असा पवित्रा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक आयोगाने घेतला. नोकऱ्यांचा प्रश्न होता. डॉसवर उत्तम काम करणारा कारकून नव्या यंत्रापुढे एका रात्रीत अकुशल ठरत होता. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ ही योजना आणली. पडद्यावरील वस्तूने आपले नाव, आपला प्रकार आणि आपली अवस्था स्वतःहून सांगावी, हे तिचे तत्त्व होते. तत्त्व चांगले असले तरी सगळेच कार्यक्रम ते पाळत नव्हते, आणि म्हणून अडवून वाचण्याची जुनी युक्तीही पुढे अनेक वर्षे चालू राहिली. ज्या जुन्या चित्रप्रणालीवर ती युक्ती विसंबून होती तिचा आधार विंडोज ८ ने, म्हणजे २०१२ साली, काढून घेतला.

आता हाताकडे वळू. अंध वापरकर्ता माऊस वापरत नाही. त्याच्या दृष्टीने कार्यक्रमाचा नकाशा पडद्यावर नसतो, तो बोटांत असतो. अमुक मेनू, त्यात तिसरी ओळ, मग अमुक अक्षर, अशा कळांच्या मालिका तो पाठ करतो, आणि पुढे त्या पाठ आहेत याचेही त्याला विस्मरण होते. वेदपाठी ब्राह्मणाला पुढचा शब्द आठवावा लागत नाही, जिभेवर येतो. त्यासारखेच हे आहे. २००७ च्या आरंभी विंडोज व्हिस्टा आणि ऑफिस २००७ एकाच वेळी बाजारात आले. ऑफिसमधील मेनूंची परिचित ओळ गेली आणि तिच्या जागी ‘रिबन’ नावाची रुंद पट्टी आली. डोळस माणूस ती पाहून दोन दिवस कुरकुरला आणि रुळला. अंध वापरकर्त्यापुढे मात्र वस्तू कोठे गेली हे शोधण्यासाठी नजर फिरवण्याची सोय नव्हती. पट्टीवरील शेकडो आज्ञा एकेक करून ऐकत जाणे हाच त्याचा शोध. येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवावयास हवी. जुन्या मेनूंच्या पुष्कळशा कळमालिका ऑफिस २००७ मध्ये अदृश्यपणे चालू ठेवण्यात आल्या होत्या. ‘ऑल्ट’, मग ‘ई’, मग ‘एस’ दाबल्यावर विशेष चिकटवणीची चौकट पूर्ववत उघडे, जरी ‘ई’ने सुरू होणारा तो मेनू पडद्यावर कोठेही उरला नव्हता. डोळ्यांसाठी नाहीसा झालेला मेनू बोटांसाठी जिवंत राहिला. लिपी लोप पावल्यावर तिचे वळण हस्ताक्षरात टिकून राहावे, तसा हा प्रकार आहे.

प्रश्न केवळ सवयीचा नसून काळाचाही आहे, हे पुढे उत्पादकांनीही एका परीने मान्य केले. विंडोज १० ही आवृत्ती विनामूल्य घेण्याची मुदत सर्वसाधारण ग्राहकांसाठी २९ जुलै २०१६ रोजी संपली. साहाय्यक तंत्र वापरणाऱ्यांसाठी ती ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत वाढवण्यात आली.

पडद्याची प्रत करण्याच्या या परंपरेला एक मूलभूत आक्षेप घेणारे गृहस्थ मूळचे पुण्याचे, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. टी. व्ही. रामन यांनी शालेय वयात दृष्टी गमावली. पुणे विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी येथील शिक्षणानंतर १९९४ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात आपला प्रबंध पूर्ण केला. गणिती मजकूर ध्वनीतून कसा सादर करावा, हा त्याचा विषय. १९९५ साली त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ प्रसिद्ध केले. पडद्यावर काय रेखाटले आहे हे विचारूच नये, मजकुराची आंतरिक रचना कोणती हे विचारावे आणि ती रचना आवाजाच्या चढउतारांतून व्यक्त करावी, अशी त्यांची भूमिका होती. दिनदर्शिकेतील तारीख उच्चारताना तिच्या चौकोनातील आकडा नव्हे, तर वार आणि महिन्यासह पूर्ण तारीख ऐकू यावी, हे तिचे साधे उदाहरण. भाषांतराच्या परिभाषेत बोलावयाचे तर स्क्रीन रीडर शब्दशः भाषांतर करीत होता आणि रामन अर्थाचे भाषांतर मागत होते. ईमॅकस्पीक तंत्रज्ञांपलीकडे फारसे पोचले नाही. विचार म्हणून मात्र तो अधिक खोल होता, असे आम्हांस वाटते.

भारतात या सर्व घडामोडी किमतीच्या चाळणीतून आल्या. जॉजच्या परवान्याची किंमत दीर्घकाळ एक हजार डॉलरच्या आसपास होती. येथील विद्यार्थ्याला ती परवडणे शक्यच नव्हते. २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध विद्यार्थ्याने ‘एनव्हीडीए’ हा मुक्त आणि विनामूल्य स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. जेम्स तेह हे त्यांना नंतर येऊन मिळाले. भारतातील अंध वाचकांच्या संगणकसाक्षरतेचा इतिहास यामुळे पालटला असे म्हणण्यास हरकत नाही. पण विनामूल्य साधनालाही आवृत्त्यांचा क्रम चुकत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. एनव्हीडीएची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती २०१७.३ ही होय. ज्या ग्रंथालयात जुनीच यंत्रे होती तेथील वाचक त्या आवृत्तीपाशी थांबला, आणि ज्या संस्थेने सुटीत सगळी यंत्रे बदलली तेथील वाचकाला जूनमध्ये अनोळखी आवाज ऐकू आला. मागे राहणे आणि पुढे ढकलले जाणे, दोन्हींत वाचन खंडित होते.

मराठी संहितेच्या बाबतीत हा खंड अधिक मोठा आहे, कारण येथे यंत्र वाचतच नव्हते. १९९० च्या दशकापासून मराठी पुस्तके संगणकावर जुळवली जाऊ लागली ती श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या टंकांत. या टंकांत अक्षरांच्या आकारांना लॅटिन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असे. डोळ्यांना देवनागरी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र तेथे लॅटिन अक्षरे, विरामचिन्हे आणि आकडे यांची निरर्थक सरमिसळ असे, आणि स्क्रीन रीडर नेमकी तीच उच्चारी. अशा रीतीने मराठीतील एका संपूर्ण पिढीचे ग्रंथ संगणकीय रूपात उपलब्ध असूनही अंध वाचकाला बंद राहिले. युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान १९९१ सालीच मिळाले होते. विंडोज २००० पासून ती विंडोजवर वापरताही येऊ लागली. म्हणजे अपग्रेड या शब्दाला दुसरीही बाजू आहे. जो बदल बोटांची विद्या हिरावून घेतो, त्याच बदलातून मराठी प्रथमच ऐकू येऊ लागली.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. स्वातंत्र्यापूर्वी भारतीय भाषांसाठी ब्रेलच्या अनेक निरनिराळ्या पद्धती प्रचलित होत्या. १९५१ साली सर्व भाषांसाठी एक भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. तीत मराठी ‘क’, बंगाली ‘क’ आणि तमिळ ‘क’ यांसाठी एकच ठिपकेरचना आहे. लिप्यांच्या भिन्नतेवर आपण ग्रंथच्या ग्रंथ लिहितो. बोटाने वाचणाऱ्याला ती भिन्नता जाणवतच नाही. शिवाय ब्रेलमध्ये स्वर व्यंजनानंतर येतो. डोळस मराठीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते आणि जुन्या टंकांत ती संचितही आधीच होई. युनिकोडने ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर ठेवली. अंध वाचकाच्या ब्रेलमधील क्रमाशी देवनागरीची यांत्रिक संहिता या बाबतीत जुळली ती अशी, चार दशकांनंतर.

तरीही प्रश्न मिटले नाहीत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद मराठीचे वैशिष्ट्य. दुसऱ्या शब्दातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही प्रकार तंतोतंत सारखे दिसतात, परंतु त्यांचा उच्चार सारखा येईलच असे नाही, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असेही नाही. संपादकाच्या डोळ्यांना न दिसणारा हा पाठभेद केवळ ऐकणाऱ्यालाच कळतो. उलटपक्षी ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतील दोन वेगळे ‘च’ लिपीत एकच आहेत. मजकुराची भाषा मराठी अशी नोंद फाइलमध्ये नसली आणि आवाज हिंदीचा असला, तर सगळेच ‘च’ तालव्य होऊन येतात. यंत्र बदलल्यावर मूळ निवड पुसली जाऊन असा आवाज पुढे येणे ही सामान्य बाब आहे. ग्रामीण बोलीतील संवाद त्या आवाजात ऐकल्यावर कोणत्या शैलीचा कोणता अंश उरतो, हे शैलीविज्ञानाने तपासावयास हवे.

आवाजासंबंधी आणखी एक. नव्या यंत्रांबरोबर माणसासारखे भासणारे आवाज आले, तरी पुष्कळ अनुभवी वाचक १९९० च्या दशकातील ‘एलोक्वन्स’सारख्या उघडपणे यांत्रिक आवाजालाच चिकटून राहिले, ॲपलने २०२२ साली तो आपल्या फोनवर उपलब्ध करून दिला, तेव्हा त्याचे स्वागत झाले. यांत्रिक आवाज अतिशय वेगाने चालवला तरी स्पष्ट राहतो, हे एक कारण. दुसरे असे की तो भाव घालत नाही. कादंबरीतील पात्राचा सूर वाचकाने स्वतः मनात योजावयाचा असतो, जसा डोळस वाचक छापील ओळीवर योजतो. नैसर्गिक आवाज तो सूर आधीच ठरवून टाकतो, आणि वाचकाचा श्रोता होतो. जुना आवाज नव्या यंत्रावर चालावा म्हणून हे वाचक जी खटपट करतात, तिच्यामागे आपली छापील ओळ टिकवून ठेवण्याची निकड असते.