खाडीकाठची भातशेती 'पाणथळ जागे'त मोडते का?

खोपटपासून जवळच असलेल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. मग खाडीकाठच्या भातखाचरांवर बंदी आली का? नाही. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी भातशेती, मिठागरं व्याख्येतूनच वगळली आहेत.

अडचण येते ती कांदळवनामुळे. कोकणातली खारजमीन मातीच्या बांधावर टिकते. बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात शिरतं, भात जातो. दुरुस्ती रखडली तर काही वर्षांत तिथे कांदळवन उगवतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन खासगी असली तरी कांदळवनाला संरक्षण आहे. म्हणजे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पण झाडं तोडून पुन्हा भात लावायची सोय नाही. म्हणूनच रायगडच्या खारेपाटातले शेतकरी बांधांच्या दुरुस्तीसाठी खारभूमी विभागाकडे पाठपुरावा करत असतात.