शाळेतल्या इंटरनेटचे नियम

गावात सार्वजनिक विहीर खणली की लगेच प्रश्न उभा राहतो : पाणी कोणी, केव्हा आणि कशासाठी न्यायचे? शाळांत इंटरनेट आले तेव्हा असेच झाले. त्या नियमांची हकीकत अमेरिकेत सुरू होते.

१९८६ साली तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने मोठ्या संगणक केंद्रांना जोडणारे एनएसएफनेट नावाचे जाळे उभारले. पैसा जनतेचा, म्हणून अट पडली की वापर शिक्षण-संशोधनासाठीच व्हावा, व्यापारासाठी नव्हे. या अटीला ‘स्वीकार्य वापर धोरण’ म्हणत. १९९५ च्या एप्रिलमध्ये ते जाळे बंद झाले आणि खाजगी कंपन्यांची जाळी त्याच्या जागी आली. शब्द मात्र टिकला. शाळांनी तो उचलला आणि नियमांच्या कागदावर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या सह्या घेण्याची चाल पडली.

१९९६ साली दूरसंचाराचा नवा कायदा झाला. त्यानुसार शाळांना आणि ग्रंथालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सूट मिळू लागली. वस्ती जितकी गरीब, तितकी सूट अधिक. त्याच कायद्यात मुलांपर्यंत असभ्य मजकूर पोचवणे हा गुन्हा ठरवणारे कलमही होते. पण त्याने प्रौढांच्या बोलण्यावरही गदा येते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते रद्द केले.

मग सरकारने दुसरी वाट धरली. डिसेंबर २००० च्या कायद्याने सांगितले : इंटरनेटसाठी सूट हवी असेल तर अश्लील चित्रे अडवणारी चाळणी बसवा आणि लेखी धोरण ठरवा. आता यातली एक गोष्ट नीट ऐका. हे धोरण ठरवण्यापूर्वी लोकांना सूचना देऊन निदान एक जाहीर सभा घ्यावी, असेही कायद्याने बजावले. म्हणजे मुख्याध्यापकांनी खोलीत बसून कागद लिहिला आणि भिंतीला लावला, एवढ्याने भागत नाही. ग्रंथालयांनी हा कायदा न्यायालयात नेला. २००३ साली सहा विरुद्ध तीन मतांनी तो टिकला. प्रौढ वाचकाने मागणी केली तर ग्रंथपाल चाळणी बाजूला करू शकतो, ही गोष्ट त्या वेळी महत्त्वाची ठरली.

पण चाळणीला अक्कल कुठली? ती शब्द बघते, हेतू बघत नाही. स्तनांच्या कर्करोगाची माहितीसुद्धा अशा चाळण्यांनी अडवलेली आहे. ज्याच्या घरी जोडणी आहे तो मुलगा घरी जाऊन वाचील. ज्याला शाळेचाच आधार, त्याने काय करावे? ज्याच्यासाठी सूट दिली, त्याच्याच वाट्याला अडसर यावा, हे बरे नव्हे.

२००८ मध्ये कायद्यात भर पडली. इंटरनेटवर कसे वागावे, कोणी छळू लागले तर काय करावे, हे शाळेने मुलांना शिकवलेच पाहिजे, असे ठरले. विहिरीला कठडा हवा, तसे पोहायलाही यायला हवे, हे उशिरा का होईना पटले. शाळेचा हात कुठवर पोचावा, याचीही मर्यादा पुढे दिसली. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीने सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेर, रागाच्या भरात फोनवरून शिवराळ मजकूर टाकला. शाळेने तिला संघातून काढले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि पुढे ते फोनवाटे घराघरांत शिरले. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, नियम करायचे तर थोडके करा आणि मुलांना समजेल अशा बोलीत लिहा. पालकसभेत ते मोठ्याने वाचा, हरकती ऐका. चांगले पान अडले तर कोणाला सांगायचे, आणि काही भलतेच दिसून मूल घाबरले तर रागावणे न खाता कोणाकडे जायचे, हे त्यात नावानिशी असू द्या. आणि दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडली की, तो कागद पुन्हा एकदा सर्वांसमोर वाचा.