संदर्भसूचीतला ‘तो’ जेव्हा ‘ती’ निघते

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणजे संदर्भ कसा लिहायचा हे शिकला असालच: आडनाव, आद्याक्षरं, वर्ष. या आद्याक्षरांनी मला कसं फसवलं, ते आज सांगते.

एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रकलेवर वाचताना एक नाव सारखं समोर यायचं: ‘मारियस, जी. एच., 1903’. मी टिपणं मराठीत काढते. मराठीत क्रियापदापाशी आलं की लिंग ठरवावंच लागतं. मी बिनदिक्कत लिहीत गेले, ‘मारियस म्हणतो’, ‘मारियस दाखवतो’. बरीच पानं भरल्यावर पूर्ण नाव पाहिलं: गेरहार्दा हर्मिना मारियस.

कोण होती ही? जन्म 1854, हेंगेलो. मृत्यू 1919, द हेग. स्वतः चित्रकार आणि कलासमीक्षकही. 1899 मध्ये तिने इंग्रज समीक्षक जॉन रस्किनच्या लेखनाची डच वाचकांना ओळख करून दिली. 1903 मध्ये तिचा एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रकलेचा इतिहास आला आणि 1908 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद. नेदरलँड्समध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा कायदा झाला 1919 मध्ये, म्हणजे ती गेली त्याच वर्षी. देशाच्या कारभारात जिला मत नव्हतं, ती देशाच्या चित्रकलेत कोण मोठं आणि कोण दुय्यम यावर छापील मत देत होती!

आता पद्धतीचा मुद्दा. तिच्या इतिहासात ‘हेग स्कूल’ला मोठं स्थान आहे. करड्या, मंद रंगांत समुद्रकिनारे, कोळी, कुरणं रंगवणारे हे चित्रकार. 1903 मध्ये आंतोन माउव्ह आणि याकोब मारिस हयात नव्हते, पण योझेफ इस्राएल्स आणि मेसडाग होते. म्हणजे ती बरंचसं आपल्या समकालीनांबद्दल लिहीत होती. मग हे पुस्तक प्राथमिक साधन की दुय्यम?

उत्तर तुमच्या प्रश्नावर आहे. ‘1870च्या दशकात हे चित्रकार काय रंगवत होते?’ असं विचारलंत तर ते दुय्यम. ‘1903 मध्ये कोणाला महत्त्वाचं मानलं जात होतं आणि का?’ असं विचारलंत तर तेच पुस्तक प्राथमिक. आपण सुरुवातीला पुस्तकावर एकदाच चिठ्ठी चिकटवून मोकळे होतो. ती चिठ्ठी दर प्रश्नागणिक बदलते.

आणि दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिणारी व्यक्ती कोण, हे कळलंच पाहिजे. बाई आहे म्हणून वेगळंच लिहिलं असणार, असं मी म्हणत नाही. तोही घाईचाच निष्कर्ष. पण तिने स्त्री-चित्रकारांना किती जागा दिली? चित्रकार म्हणून तिची नजर तंत्रावर कुठे थांबते? ‘तो’ लिहीत होते तोवर हे प्रश्न मला सुचलेच नव्हते. चूक फक्त व्याकरणाची नव्हती.

तेव्हा एक काम करा. तुमच्या संदर्भसूचीतली आद्याक्षरांची पाच नावं निवडा. प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यू, गाव आणि व्यवसाय शोधा. नाव अचूक लिहूनच शोधा. ‘मारियस’ शोधताना तीन चित्रकार ‘मारिस’ बंधू वाटेत हमखास भेटतात.

मी माझ्या टिपणांत सगळीकडे ‘म्हणते’ केलंय. आता तीच पानं पुन्हा पहिल्यापासून वाचतेय.